ढग नावाची गादी

९ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली. कामाचं स्वरूप: झोपणे.

थट्टा नाही. गाद्यांच्या कारखान्यात नवी गादी विकायला काढायच्या आधी तिच्यावर कुणीतरी झोपून बघावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आजपासून मी. दादाला सांगितलं तर तो जेवणावरून उठून माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "आई, उद्यापासून हिला हाका मारून उठवू नकोस. ती घरी काम घेऊन आलेली असेल." वहिनीला सातवा लागलाय, हसलं की पोट ताणतं, तरी भिंतीला धरून हसत होती बिचारी. आई तेवढी हसली नाही. "पगार वेळेवर देतात ना?" एवढंच विचारलं तिने.

हसा, हसा. या झोपेपायी कमी का नोकऱ्या घालवल्या मी? वाचनालयात झोपले. तिकिटाच्या खिडकीत झोपले. दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायचे, तिथे तर एक पेशंट मला बघून आल्या पावली परत गेला. त्याला वाटलं, इथे दारातच भूल देतात. बाबा गेल्यापासून तर काही विचारूच नका, बसल्या जागी डोळा लागतो. चाळिशी आली आणि घरात अजून माझी ओळख 'आमची कुंभकर्णीण' अशीच.

आज मात्र कारखान्याच्या मालकीण मॅडमनी विचारलं, "झोप कशी आहे?" म्हटलं, "दगड." त्या म्हणाल्या, "झोपून दाखव." दाखवली. उठले तेव्हा दुपार कलली होती, अंगावर चादर होती आणि मॅडम शेजारी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या झोपेकडे इतक्या मायेने आजवर कुणी बघितलं नव्हतं.

११ नोव्हेंबर, बुधवार

कामाची जागा सांगते. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली. पांढरे पडदे. खिडक्यांच्या फटींत लोकरीच्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे रस्त्याचा आवाज आत यायला नको. दाराशी चपला काढायच्या आणि पायमोजे घालून चालायचं. मध्ये लाकडी पडदा, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे बगळा.

बगळा म्हणजे माझा एकुलता एक सहकारी. काटकुळा, लांब मानेचा, झोपताना हातपाय सरळ ठेवून झोपणारा म्हातारा. जन्मभर रात्रपाळीचा पहारेकरी होता. म्हणतो, "माझी झोप साठलेली आहे, ती आता वसूल करतोय." मी तोंडावर त्यांना काका म्हणते, बगळा इथे वहीत.

कामाची रीत अशी: उठलं की कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. चहाच्या आधी, चूळ भरायच्याही आधी थेट मॅडमच्या खोलीत जायचं. त्या विचारणार, "आज कुठे जाऊन आलीस?" मग झोप कशी लागली ते सांगायचं आणि शेवटी एकच शब्द, 'ठेवा' किंवा 'काढा'. दोघांनी 'ठेवा' म्हटलं तरच गादी विकायची. आणि आम्ही दोघांनी एकमेकांशी आपल्या झोपेबद्दल कधीही बोलायचं नाही. मॅडम म्हणतात, एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं. दोन झोपा वेगळ्या राहिल्या तरच खरं कळतं.

मला फार आवडलं हे. असा नियम करणारं माणूस सचोटीचंच असणार.

१८ नोव्हेंबर, बुधवार

काथ्याची एक गादी काढली. 'काढा' म्हणताना जीभ अडखळत होती, कुणीतरी राबून केलेली वस्तू ना! मॅडम म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं तरी चालेल. खोटं बोललीस तर नाही चालणार." घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत आले.

घरात आईने सगळ्या खिडक्या गच्च लावल्यात. वाऱ्याने तिची पाठ धरते. बाबा असते तर वाजलं असतं. बसचे ड्रायव्हर होते ते, आणि बसमध्ये बंद खिडकी त्यांना खपायची नाही. थंडीचे दिवस असोत, धूळ असो, गाडी हलली की मागे न वळता डावा हात बाजूला करून ओरडायचे, "खिडक्या उघडा हो, कोंडून मराल सगळे!" लोक वैतागायचे. मी लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचे तेव्हा लाजेने तोंड लपवायचे.

१ डिसेंबर, मंगळवार

आज आली ती. ढग.

हे तिचं नाव. मॅडमनी स्वतः बनवलीय. फोमचे पातळ पातळ थर, एकावर एक, नव्या सोल्यूशनने चिकटवलेले. हे सोल्यूशन म्हणे बघता बघता वाळतं, त्यामुळे काम झपाट्याने होतं. पाळण्यातल्या बाळांसाठी आहे ही गादी, आम्हाला झोपता यावं म्हणून मोठी करून घेतलीय. मॅडम आठवडाभर खालीच आहेत, चिकटवायच्या खोलीत. कपाळाला बाम, हातात डोकेदुखीची गोळी. किती काळजी घेतात कामाची!

आडवी झाले आणि काय सांगू. कसलासा गोडसर वास आला, पिकलेल्या फळाचा येतो तसा. मग हात जड झाले, पाय जड झाले, आणि गादी खाली सरकत गेली, किंवा मीच.

बाबा दिसले.

बस होती. रस्ता नव्हता, सगळं पांढरं आणि मऊ, आणि त्यातून बस आवाज न करता चालली होती. मी माझ्या जुन्या जागेवर. पुढे त्यांची मान, कॉलरीजवळची ती घडी, कानामागचा तीळ. गेल्यापासून एकदासुद्धा स्वप्नात आले नव्हते हो! आईच्या येतात, दादाच्या येतात, मीच तेवढी कोरडी. इतकी झोपते आणि माझ्याच झोपेत येत नाहीत म्हणून किती रडलेय मी.

ते काहीतरी बोलत होते. ओठ हलताना आरशात दिसत होते, पण आवाज नव्हता. डावा हात बाजूला करून काहीतरी दाखवत होते. मी तिकडे बघितलं तर काचेपलीकडे नुसतं पांढरं.

उठले तेव्हा जमीन जरा तिरकी वाटली आणि तोंडाला गोडसर चव होती. मॅडमनी विचारलं, "आज कुठे जाऊन आलीस?" मला रडूच फुटलं. म्हटलं, "ठेवा, मॅडम. दहादा ठेवा. उठावंसंच वाटत नाही."

४ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा बाबा. आज आरशात त्यांचे डोळेही दिसले. काहीतरी कळकळीने सांगताहेत. डावा हात तसाच. मी म्हणतेय, "बाबा, ऐकू येत नाही," आणि माझाही आवाज येत नाही.

कधी एकदा उद्याची दुपार होते असं झालंय.

१० डिसेंबर, गुरुवार

आज बगळ्याने कमालच केली. चहाच्या वेळी जवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पोरी, एक विचारू? त्या ढगावरून उठल्यावर तुला..."

मी दोन्ही हातांनी कान झाकले. "काका, नियम!"

"अगं पण ऐक तर, मला..."

"नाही म्हणजे नाही!" म्हटलं आणि कप तिथेच ठेवून उठले. थेट मॅडमकडे गेले आणि सांगितलं की काका माझ्याशी झोपेबद्दल बोलायला बघत होते. चुगली नव्हे ही. जिथे आपल्या शब्दावर गादी बाळांच्या अंगाखाली जाते तिथे शिस्त म्हणजे शिस्त. मॅडमनी डोकेदुखीची गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस."

संध्याकाळी हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोकं दुखत होतं म्हणून असेल.

१४ डिसेंबर, सोमवार

बगळ्याला काढलं. मॅडम म्हणाल्या, वय झालंय, आता त्यांना कुठलीच गादी सोसत नाही. बिचारा. जाताना पायमोजे नीट घडी करून दाराशी ठेवून गेला, माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या जागी दुसरं कुणी मिळेपर्यंत दुसरा कौल मॅडम स्वतः देणार.

आता लाकडी पडद्यापलीकडे कुणी नसतं. खोली आणखीच शांत झालीय. बाबा आणि मी.

२१ डिसेंबर, सोमवार

आज खोली झाडायला घेतली होती म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या. रस्त्याचा गोंगाट, पडदे फडफडताहेत. तरी झोपले, मला काय! पण बाबा आले नाहीत. बस नाही, काही नाही, साधी चारचौघांसारखी झोप. उठले तर डोकं लख्ख, पाय घट्ट. इतकी चिडचिड झाली! मॅडमना सांगितलं, "उद्यापासून झोपायच्या वेळी खिडक्या बंद ठेवायला सांगा. उघड्या खिडकीने ढगाची मजाच जाते."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग लगेच पलीकडे बघायला लागल्या.

२८ डिसेंबर, सोमवार

जाहिरात छापून आली. ढगावर डोळे मिटून झोपलेली मी आणि खाली माझेच शब्द: 'उठावंसंच वाटत नाही!' दादाने एक आणून स्वयंपाकघरात चिकटवली. म्हणतो, "घराण्यात इतकी वर्षं कुणाचं नाव झालं नव्हतं, आणि झालं ते घोरून." आईने मात्र पदराने तो कागद पुसला. "बाबांनी बघायला हवा होता," म्हणाली. मी भाजी चिरत राहिले. बाबा मला रोज भेटतात हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर वाटून जातील असं वाटतं.

आणि खास गोष्ट: मॅडमनी विकायला काढायच्या आधीची पहिली छोटी गादी मला दिली. "पहिला मान आत्याच्या भाच्याचा." वहिनीने प्लास्टिक काढून तिच्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत तिला, एकेक वस्तू ती अशीच हाताळते. गादी मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवलीय. बाळ आलं की पाळण्यात.

२ जानेवारी, शनिवार

आमचा बोका कपाटात घुसून ढगावर झोपतो. दार ढकलून आत जातो, दार आपसूक मिटतं, की स्वारी गुडुप. आज बाहेर आला तर झिंगल्यासारखा चालत होता, मागचे पाय एकीकडे, पुढचे भलतीकडे. दादा म्हणाला, "आत्यावर गेलाय." मीही हसले. म्हटलं, यालाही याचे बाबा भेटत असतील.

४ जानेवारी, सोमवार

हसू जिरलं.

सकाळी बोका कपाटातून निघेना. वहिनीने उचलला तर मान लोंबत होती. तोंडाशी फेस. ती किंचाळली, मी तशीच त्याला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी त्याचे डोळे बघितले, तोंडाचा वास घेतला आणि मला विचारलं, "बंद जागेत होता का? थिनर, रंग, असलं काही होतं तिथे?"

"छे हो. नव्या गादीवर झोपला होता."

"मग गादी उन्हात टाका आणि मांजर वाऱ्यावर ठेवा."

मला रागच आला. माझा ढग म्हणजे काय थिनर आहे? घरी येऊन तणतणत कपाट उघडलं, आत वाकले, गादीला नाक लावलं. तोच वास, पिकलेल्या फळाचा. हात जड झाले. कपाटाच्या अंधारात बसची पुढची काच दिसायला लागली, त्यांची मान, ती घडी.

मी बाहेर ओढून घेतलं स्वतःला आणि जमिनीवर बसले. वहिनी दारात उभी होती, एक हात पोटावर. "काय झालं हो वन्सं?" म्हणाली. मी कपाटाचं दार ढकलून दिलं.

बोका आता गॅलरीत आहे. संध्याकाळी थोडं पाणी प्यायला.

५ जानेवारी, मंगळवार

कामावर गेले नाही. बगळ्याचं घर शोधत गेले. पायरीवर बसून चप्पल शिवत होता. मला बघून सरकून जागा केली.

"काका, तुम्ही ढगाला काय कौल दिलात?"

"आता चालतं होय बोललेलं?" म्हणाला. मग सांगितलं. "दर वेळी 'काढा' म्हटलं. उठलो की मळमळायचं, पाय कुठे पडतोय ते कळायचं नाही. मला वाटलं, माझंच वय झालं. म्हणून तुला विचारणार होतो, तुलाही होतं का. दुसरं कोण होतं विचारायला?"

"मी कान झाकले."

"झाकलेस. आणि वर जाऊन सांगितलंस."

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर पाय आत घेतले. "ते राहू दे. माझी नोकरी गेली ती गेली. गाद्या गेल्या का बाहेर?"

"सोमवारी दुकानदार यायचेत बघायला. त्यानंतर जातील."

"मग माझ्याकडे काय बसलीस?"

उठताना मी विचारलं, "काका, तुम्हाला तिच्यावर स्वप्नं पडायची?"

"एकच पडायचं. मी पहाऱ्यावर उभा आहे आणि डोळे उघडत नाहीत."

६ जानेवारी, बुधवार

मॅडमशी बोलले. बोक्याचं सांगितलं, बगळ्याचं सांगितलं, माझ्या पायांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाकारलं नाही. हेच मला जास्त लागलं.

"वास उडतो गं," म्हणाल्या. "उघड्यावर दोनेक आठवडे ठेवल्या की काही राहत नाही. पण तेवढे दिवस कुणी थांबायला तयार नाही. सोमवारी माल दाखवला नाही तर दुकानदार दुसरीकडे जातील आणि खालची सगळी माणसं घरी बसतील. कुणाच्या घरी काय आहे तुला माहितीये?"

"पण मॅडम, प्लास्टिकमध्ये बंद करून पाठवणार ना आपण? आणि लोक थंडीचं बाळाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात."

त्या कपाळ चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "दहादा ठेवा म्हणालीस. मी नाही म्हणायला लावलं तुला."

खरं आहे. नाही लावलं.

"मला तुझ्या शब्दाचाच आधार होता," म्हणाल्या. "काकांचं ऐकू की तुझं, तर मी तुझं ऐकलं. सोमवारी दुकानदारांसमोर तू झोपणार आहेस. उठून तेच सांग, जे आजवर सांगितलंस. नंतर मी सोल्यूशन बदलते. माझा शब्द." आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा हात थंडगार होता.

मला कुणी कामाचं मानलं नाही, तेव्हा या बाईने मानलं. मी झोपले असताना अंगावर चादर घातली. आणि मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. मान हलवली कशीतरी आणि बाहेर पडले.

८ जानेवारी, शुक्रवार

खरं काय ते इथे तरी लिहू दे. मॅडमची माया, खालची माणसं, हे सगळं आहेच. पण मुळात मला ती गादी जायला नको आहे. मी 'काढा' म्हटलं तर बाबाही जातील. एवढं जवळ आलेत, अजून काय म्हणताहेत तेसुद्धा कळलं नाही. सोमवारी शेवटचं एकदा झोपायला मिळेल. मग बघू, असं मनाला समजावतेय. किती लबाड आहे मी!

वहिनी पाळण्याला नवी दोरी लावून घेत होती. मी म्हटलं, "ती गादी नका घालू पाळण्यात." तिने कारण विचारलं नाही. "बोक्याचं झालं तेव्हाच गच्चीत टाकली मी," म्हणाली. मग दोरी ओढून बघता बघता म्हणाली, "बाकीच्यांच्या घरी बोका असेल का हो?"

११ जानेवारी, सोमवार

घरी आल्या आल्या लिहिते.

खालच्या दालनात मधोमध ढग मांडला होता. भोवती खुर्च्या, त्यात दुकानदार, भिंतीवर सगळीकडे झोपलेली मी. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पुढे एक म्हातारी दुकानदारीण बसली होती, जाडजूड चष्मा, मांडीवर पिशवी. मॅडम म्हणाल्या, "आमच्या गादीला शब्दांची गरज नाही. आमच्या आत्याबाई फक्त झोपतील." लोक हसले. मी आडवी झाले.

वाटलं होतं, एवढ्या लोकांपुढे झोप लागायची नाही, मग सोंगच घ्यावं लागेल. पण कसलं काय. तो वास आला, हात जड झाले, आणि बस आलीच.

आज अगदी जवळ होते. माझ्या हाताच्या अंतरावर. डावा हात बाजूला, ओठ हलताहेत. आणि यावेळी ते वळायला लागले. आधी खांदा, मग हनुवटी. आणखी जरा थांबले असते तर पूर्ण चेहरा दिसला असता. मला माहीत होतं, मी तिथे राहिले तर उठल्यावर माझ्या तोंडून पुन्हा 'ठेवा' येणार. ते इतकं गोड असतं की त्यातून उठलेल्या माणसाला खरं बोलता येत नाही.

चालत्या गाडीतून उतरायचं नाही हे बाबांनीच शिकवलेलं. मी उतरले.

डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे वाकून बघत होते. मॅडम उशाशी होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊ. "आज कुठे जाऊन आलीस?"

मी उठायला गेले, जमीन तिरकी झाली, पलंगाची कड धरली. म्हटलं, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत, खोटं चालणार नाही म्हणून. काढा. ही गादी काढा. हिच्यावरून उठलं की मला उभं राहता येत नाही, तुम्हीही बघताय. आमचा बोका मरता मरता वाचला हिच्यावर. मी आधी सांगितलं ते चुकीचं सांगितलं, मला ती झोप हवी होती म्हणून. आणि कुणीतरी आधी ती खिडकी उघडा हो, कोंडून मराल सगळे!"

कुणी हललं नाही. मीच भिंत धरत गेले आणि खिडकी उघडली. मागे खुर्च्या सरकल्या, बडबड सुरू झाली, एक जण "हा काय तमाशा" म्हणून निघून गेला, त्याच्यामागे आणखी काही. म्हातारी तेवढी उठून ढगाजवळ गेली, चष्मा काढला, वाकून वास घेतला आणि मॅडमना म्हणाली, "बाई, तुम्हाला मुलं आहेत का?"

मॅडम उघड्या खिडकीकडे बघायला लागल्या. मी पायमोजे काढून, घडी करून दाराशी ठेवले. बगळ्याने ठेवले होते तसेच. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

घरी आहे. आई म्हणते, झोप जरा. झोप येत नाही. मला! दादा थट्टासुद्धा करेनासा झालाय. आज स्वतःहून चहा करून आणून दिला आणि स्वयंपाकघरातली माझी जाहिरात काढून टाकली.

स्वप्नात कुणी येत नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज मुद्दाम लांबचा रस्ता धरला, कारखान्यावरून. कारखान्याची गच्ची भरली होती. दोऱ्यांवर, कठड्यांवर, पाण्याच्या टाकीवर छोट्या छोट्या पांढऱ्या गाद्या, प्लास्टिक काढून उन्हात टाकलेल्या. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. मधे एक लांब मानेची आकृती एकेक गादी हाताने उलटत होती. बगळाच. खाली बघितलं त्याने, हात केला नाही, पण एक गादी उचलून दाखवली आणि झटकली.

वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या. एकीत मॅडम उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली. मी त्यांचा धंदा बुडवला की वाचवला, मला माहीत नाही. त्यांनी मला वर बोलावलं नाही. खिडकीही लावून घेतली नाही. मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि मग भाजी घेऊन घरी आले.

२९ जानेवारी, शुक्रवार

मुलगी झाली! मी आत्या झाले. दादा दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला आणि वर मलाच म्हणाला, "हसू नकोस." एवढीशी आहे. झोपलीय नुसती. सगळे माझ्याकडे बघून म्हणाले, "गेली आत्यावर."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

पाळण्यात काय घालायचं म्हणून आईने काल ट्रंक उघडली. बाबांचे ड्युटीचे शर्ट होते, धुऊन धुऊन मऊ झालेले. इतकी वर्षं तिने त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. तिने ते उसवले, मी घड्या धरल्या, तिने टाके घातले. छान चपटी गादी झाली. मी नाक लावून बघितलं. नुसता साबणाचा वास.

आज दुपारी घरात सगळे पेंगले होते. वहिनी निजली होती, आई खुर्चीत, बोका पाळण्याखाली. मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. पोरगी झोपेत ओठ हलवत होती, आवाज नाही, नुसते ओठ. मला एकदम भरून आलं. बाबा काय म्हणत होते ते काही मला शेवटपर्यंत कळलं नाही. हात करून काय दाखवत होते कोण जाणे. काचेपलीकडे तर काहीच नव्हतं. कधीतरी साध्या झोपेत येतील, तेव्हा विचारेन.

आईने खिडकी गच्च लावून घेतली होती. खोलीत कोंडल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून पाय न वाजवता उठले आणि डावा हात लांब करून ती उघडली. वारा आत आला. पोरीने ओठ मिटले, मोठा श्वास घेतला आणि कुशीवर झाली.